आम्ही टाके कापले

मी सर्जन व्हायच्या कितीतरी आधी आईने त्याचे पेढे वाटून टाकले होते.

चूक तशी तिची नव्हती. न्यूझीलंडमध्ये डॉक्टरकीची पदवी घेऊन नुकतीच कामाला लागलेली जी पोरं वॉर्डावॉर्डांतून पळत असतात, रक्ताचे रिपोर्ट हुडकतात, सलाइन लावतात आणि मोठ्या डॉक्टरांच्या मागून मान खाली घालून चालतात, त्यांना ‘हाउस सर्जन’ म्हणतात. कुणीतरी कुठल्याशा काळी ठेवलेलं नाव. हाउस सर्जन हा सर्जन नसतो, आणि हाउसमध्ये तर जवळजवळ कधीच नसतो. पण आईने दोन शब्द ऐकले आणि त्यातला कामाचा तेवढा ठेवून घेतला.

तेव्हा आम्ही वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलमध्ये राहत होतो. संक्रांत तिथे भर उन्हाळ्यात येते, तिळाच्या वड्या ताटातच मऊ पडतात. आईने हळदीकुंकवाला दूध पावडरचे पेढे करून ठेवले आणि आलेल्या प्रत्येकीला तिळगुळासोबत बातमी दिली. “घ्या, गोड बोला, आणि आमची पोरगी सर्जन झाली बरं का!”

मी स्वयंपाकघरातून ओरडले, “आई, नाही झाले अजून!”

“तुझं ते हाउसबिउस तुमच्या हॉस्पिटलात ठेव,” ती तिकडून ओरडली.

त्यानंतर मला जॉन्सनव्हिलमध्ये सुखाने दूध आणायला जाता येईना. कोपऱ्यावरच्या डेअरीत काकू गुडघा दाखवायच्या. एका काकांनी तर सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, ट्रॉलीला टेकून, शर्ट वर करून हर्नियाच दाखवला आणि विचारलं, “कधी करू या?” लोकांच्या लेखी मी सर्जन होते. माझ्या लेखी मला सर्जन व्हायचं होतं. मध्ये जी खिंड होती तिचं नाव सर्जरीच्या ट्रेनिंगची निवड. सगळ्या देशातून मोजक्या जागा, मोठ्या सर्जननी दिलेली मतं, मुलाखत; मी मी म्हणणाऱ्यांची तिथे भंबेरी उडते. शिवाय हव्या तितक्या वेळा प्रयत्न करायची मुभा नाही. निवड झाली नाही तर मी दुसऱ्या कुठल्यातरी शाखेत चांगली डॉक्टर झाले असते, पण मला ते नको होतं. मला चिरायचं होतं आणि शिवायचं होतं. दुसरं काही करायची कल्पनाही सहन होत नसे.

मध्यंतरी माझ्या डोक्यात लष्करात डॉक्टर म्हणून जायचंही आलं होतं; तो विचार कुठून आला ते सांगते. वेलिंग्टनला यायच्या आधी आम्ही ख्राइस्टचर्चला, हॉर्नबीत राहायचो. बाबा तिथल्या एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि मी मेडिकलला. हॉर्नबीच्या मोठ्या रस्त्यावरून बर्नमच्या छावणीकडे हिरवे ट्रक जायचे. बाबा गाडी चालवत असले की हमखास वेग कमी करायचे. “जाऊ दे त्यांना,” म्हणायचे. मागचा माणूस हॉर्न वाजवायचा, तरी.

२०११च्या भूकंपानंतर आमचे तास बंद पडले आणि आम्हा विद्यार्थ्यांना जमेल तिथे मदतीला पाठवलं गेलं. मला शहराच्या पूर्वेकडच्या एका मैदानावर धाडलं. जमिनीतून वर आलेला राखाडी चिखल सगळीकडे पसरलेला, नळाला पाणी नाही. तिथे एका तंबूत हिरव्या कपड्यातली एक डॉक्टर एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या नडगीवरची जखम शिवत होती. बादलीतलं उकळून गार केलेलं पाणी, कपाळावर बांधलेला दिवा, पायाखाली चिखल. मी ट्रे धरून उभी होते. तिने एकदाही घाई केली नाही. प्रत्येक टाका मागच्या टाक्याइतकाच लांब. शेवटी तिने म्हाताऱ्याच्या पायावर हलकेच थोपटलं आणि ‘झकास’ला इथे जे म्हणतात ते म्हणाली, “स्वीट अ‍ॅज.”

मला सर्जन व्हायचंय हे मला त्या तंबूत कळलं. पण ती हिरव्या कपड्यात होती, त्यामुळे सर्जरी आणि लष्कर या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकाच टाक्याने शिवल्या गेल्या.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बाबांचे डोळे असे चमकले की मी थबकलेच. आईने मला नंतर खासगीत सांगितलं. बाबांना तरुणपणी पुण्यात असताना सैन्यात जायचं होतं. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि वैद्यकीय तपासणीत पाय नडले. तळपाय सपाट. ओल्या पायाने फरशीवर उभं केलं तर आख्खा पाय उमटला, मधली कमान नाहीच. बाबा याबद्दल कधी बोलत नसत. घरात मात्र त्यांच्या जँडल्सचा, म्हणजे रबरी चपलांचा, आवाज इतरांपेक्षा वेगळा यायचा. फटाक, फटाक. आम्ही त्यावरून त्यांना खूप चिडवलेलं होतं. कारण कळल्यावर चिडवणं बंद केलं.

आता एक प्रसंग सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अडलं.

वेलिंग्टनला कामाला लागून दोनेक वर्षं झाली होती. दुपारची, नातेवाईक भेटायला यायची वेळ. पोरिरुआच्या एका बाईंचं सकाळी थायरॉइडचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या खाटेभोवती लेकी, नातवंडं, चिप्सच्या पिशव्या, हसणं-खिदळणं. मी एक औषध लिहून द्यायला गेले आणि “किया ओरा” म्हणून नमस्कार केला. बाईंनी उत्तर दिलं, तो आवाज सकाळचा नव्हता. जाड झाला होता. मान पाहिली, तर पट्टीखाली सुजलेली. आत रक्त साचून श्वासनळीवर दाब येत होता. आमचे दोन्ही वरिष्ठ थिएटरात, दुसऱ्या पेशंटचं पोट उघडून उभे. बाईंचे ओठ माझ्यासमोर निळे पडायला लागले.

अशा वेळी काय करायचं हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं: वाट पाहू नका, जागच्या जागी टाके उघडा. मी नातेवाइकांना बाहेर काढलं, नर्सकडून कात्री घेतली आणि टाके कापले. वरचे, मग आतले. साकळलेलं रक्त बाहेर आलं आणि बाईंनी श्वास घेतला. इतका मोठा श्वास मी कधी ऐकला नव्हता. मग धावाधाव झाली, थिएटर मोकळं झालं, वरिष्ठांनी रक्तस्राव थांबवला.

डिस्चार्ज मिळून घरी जाताना त्या बाईंनी मला बोलावून घेतलं. “तूच ना ती?”

“आम्ही सगळेच होतो,” मी म्हणाले.

“आम्ही कोण? मला तर एकच तोंड दिसत होतं,” त्या म्हणाल्या आणि मला कुशीत ओढून घेतलं.

मी तेव्हा हसले आणि सोडून दिलं.

मग मुलाखत आली, माझी पहिली. टेबलापलीकडे पाचजण. एकाने विचारलं, “दडपणाखाली तू स्वतः निर्णय घेतल्याचा एखादा प्रसंग सांग.” माझ्याकडे तर सोन्यासारखा प्रसंग होता. मी सांगायला सुरुवात केली. आमच्या लक्षात आलं. आम्ही नातेवाइकांना बाहेर काढलं. आम्ही टाके कापले. आम्ही त्यांना थिएटरला नेलं.

“आणि तुझा वाटा काय होता?” एका बाईंनी विचारलं. सरळ दार उघडून धरलं होतं त्यांनी.

“आम्ही सगळ्यांनी मिळूनच केलं,” मी नम्रपणे म्हणाले आणि ते दार लावून घेतलं.

आमच्या घरी स्वतःची आरती स्वतः ओवाळणाऱ्याला फार हलकं समजत. मला वाटलं होतं, समोरचे शहाणे लोक आहेत, विनयाच्या आड काय आहे ते त्यांना दिसेल. त्यांना काही दिसलं नाही. निवड झाली नाही. नंतर त्यांच्यापैकी एकाने फोनवर मला समजुतीने सांगितलं, “गोष्ट छान होती. पण तू तिच्यात कुठे होतीस, ते आम्हाला सापडलं नाही.”

मी चिडले. महिनाभर ज्याच्या-त्याच्यावर खेकसत होते. माझी मराठी आणि माझं वळण मला नडलं म्हणून चिडले, आणि त्या पाचजणांना एवढंही कळू नये म्हणून त्याहून जास्त चिडले. चूक कुणाची, हे कळायला मला लष्कराकडे जावं लागलं.

झालं असं की त्याच सुमाराला हॉस्पिटलात करिअरची माहिती देणारी एक संध्याकाळ होती. लष्कराच्या टेबलामागे एक मेजर बाई बसल्या होत्या, स्वतः डॉक्टर. मी तिथे थांबले. तंबूतली ती डॉक्टर डोळ्यांसमोर होतीच. मेजर बाईंनी नंतर सविस्तर बोलायला बोलावलं, आणि त्यांनीही तोच प्रश्न विचारला. मी तीच गोष्ट सांगितली, त्याच शब्दांत. आम्ही टाके कापले.

मेजर बाई खूश झाल्या. “तू हीप्स वेळा, अगदी ढिगाने, ‘आम्ही’ म्हणतेस. मस्त. आम्हाला असेच लोक लागतात.”

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! ज्या शब्दाने एका दारातून बाहेर काढलं, त्याच शब्दाला दुसरीकडे पाट-रांगोळी. डॉक्टर म्हणून घेतलं तर सुरुवातच कॅप्टन या हुद्द्याने. काम बांधलेलं, माणसं आपली म्हणणारी. मी विचारलं, “आणि सर्जरीचं ट्रेनिंग? ते तुमच्यातून करता येईल?”

“येह, नाह,” मेजर बाई म्हणाल्या. पुढे त्यांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं: लष्कराचं स्वतःचं तसं ट्रेनिंग नाही, निवड तीच, बाहेरचीच, आधी काही वर्षं छावणीतल्या डॉक्टरचं काम, मग बघता येईल. या देशात ‘येह, नाह’ म्हणजे ‘नाही’, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी त्या दिवशी फक्त ‘येह’ ऐकलं. दोन शब्दांतला कामाचा तेवढा ठेवून घ्यायची खोड मला कुणाकडून आली, हे सांगायला नको.

घरी मी लष्कराचं नाव काढलं आणि बाबा वीस वर्षांनी तरुण झाले.

“आपण पहिल्यांदा फिटनेस बघू,” ते म्हणाले. बाबांचं बोलणं पहिल्यापासून असंच. मी शाळेत असताना ‘आपल्याला गणितात किती मिळाले?’, मेडिकलला असताना ‘आपली परीक्षा कधी?’ आता ‘आपण’ सैन्यात जाणार होतो. रोज सकाळी ‘आपण’ माउंट काउकाउवर पळायला जायला लागलो. पळायचे मी, बाबा खाली फाटकाशी घड्याळ घेऊन उभे. जॉन्सनव्हिलचा वारा माणसाला धड सरळ उभं राहू देत नाही, पण बाबा उभे असायचे. परत आले की म्हणायचे, “काल आपण जास्त जोरात होतो.”

आईला कॅप्टन म्हणजे क्रिकेटचा एवढंच माहीत होतं. पण तिने चौकशा सुरू केल्या, आणि त्यात तिला भलताच शोध लागला. इथे सर्जन झालं की नावाआधीचं ‘डॉक्टर’ काढून टाकतात. पुरुष सर्जनला ‘मिस्टर’ म्हणतात आणि बाईला ‘मिस’. मानाचंच समजतात ते.

“म्हणजे एवढं शिकून, एवढं रक्त आटवून, शेवटी मिस?” आई म्हणाली. “मिस तर तू आत्ताही आहेस. तेच तर माझं दुखणं आहे!”

“कॅप्टन बरं मग?”

“निदान ऐकायला तरी भारदस्त आहे.”

घरात दोन मतं कॅप्टनला पडली. माझं मत मी अजून मोजलंच नव्हतं.

लष्कराची वैद्यकीय तपासणी ठरली. त्याच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी बाबांनी मला मागच्या डेकवर बोलावलं. बादलीत पाणी होतं. “पाय बुडव आणि इथे ठेव.” मी ओला पाय लाकडी फळ्यांवर ठेवला आणि उचलला. टाच उमटली, चवडा उमटला, आणि मध्ये छान कोरडी कमान. बाबा वाकून पाहत राहिले. ऊन होतं, ठसा कडेकडेने सुकत गेला. पूर्ण सुकेपर्यंत ते तसेच वाकलेले होते. मग उठले आणि म्हणाले, “पास झालो आपण.”

मी हसले खरी. पण तो पाय माझा होता. आणि त्या क्षणी मला नक्की कळेना की सैन्यात कोण चाललंय.

आमच्या हॉस्पिटलात एक वयस्क सर्जन होते. मितभाषी, थिएटरात त्यांच्या तोंडून दहा शब्द निघाले तर नर्सा एकमेकींकडे बघायच्या. ते लष्कराचे राखीव अधिकारी होते, अधूनमधून वादळानंतर, भूकंपानंतर बेटांवर जाऊन यायचे. त्यांच्यासोबत एक हर्निया करताना मी धीर करून विचारलं, लष्करातून सर्जन व्हायचा विचार आहे, तुम्हाला काय वाटतं?

“गाठीकडे बघ,” ते म्हणाले. मी गाठीकडे बघितलं.

नंतर चहाच्या खोलीत ते स्वतः माझ्यासमोर येऊन बसले. “लष्कर सर्जन घडवत नाही,” ते म्हणाले. “घडलेला सर्जन उसना नेतं. मला नेतात, वापरतात, परत आणून ठेवतात. छावणीतलं काम चांगलं आहे. गुडघे, फोड, लशी, ताप. कुणीतरी ते मन लावून करायला हवं. पण ती वर्षं तुझे हात थिएटरच्या बाहेर असतील. तुला तंबूत उभं राहायचंय की सर्जन व्हायचंय?”

“दोन्ही.”

“मग क्रम नीट लाव.”

त्यांनी कप धुतला, पालथा घातला आणि जाता जाता म्हणाले, “आणि त्या थायरॉइडवाल्या बाई. टाके तू कापलेस ना? मुलाखतीत कुणीतरी तिघा-चौघांनी कापले म्हणून सांगून आलीस, असं ऐकलं.”

माझे कान तापले. इतका वेळ मी समजत होते की मला दोन दारं आहेत: एक मला नाकारणारं आणि एक मला हवं म्हणणारं. आता लख्ख दिसलं की दार एकच आहे, आणि त्यातून आत जायला मी घाबरत होते. लष्करात ‘आम्ही’च्या घोळक्यात सुखाने लपता आलं असतं. तिथल्या लोकांसाठी ते लपणं नव्हतं. ते त्यांचं कामच होतं. माझ्यासाठी ते लपणं होतं. आणि मला लपायचं नव्हतं. मला परत त्या टेबलासमोर बसायचं होतं.

रविवारी सकाळी बाबा डेकवर वर्तमानपत्र पसरून माझे बूट पॉलिश करत होते. तपासणीला काही बुटांना पॉलिश लागत नाही, पण ते करत होते. मी शेजारी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. तपासणीला जात नाही. मेजर बाईंना कळवते. सर्जरीला पुन्हा अर्ज करते.

बाबांचा ब्रश थांबला. “पण आपण एवढी तयारी केली…”

“आपण म्हणजे कोण, बाबा?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. मला रडू येत होतं, रागही येत होता, आणि ते इतके आवडत होते की सांगता येत नाही. पण माघार घ्यावी असं एकदाही वाटलं नाही.

बाबांनी पॉलिशच्या डबीचं झाकण लावलं. बराच वेळ दाबत राहिले.

“मी,” ते म्हणाले. “मी केली तयारी.”

आख्ख्या आयुष्यात त्यांच्या तोंडून इतका सुटा ‘मी’ मी पहिल्यांदा ऐकला.

“मला सर्जन व्हायचंय,” मी म्हणाले. “मला. तंबूत असो नाहीतर राजवाड्यात असो.”

ते उठले आणि आत गेले. फटाक, फटाक. दोन दिवस आम्ही फक्त मीठ दे, भाजी दे एवढंच बोललो. मेजर बाईंना फोन केला तर त्या मोकळेपणाने हसल्या. “स्वीट अ‍ॅज. सर्जन झालीस की ये. आम्हाला उसने लागतातच.”

मग सुरू झाली ‘मी’ची शिकवणी. आईने ती अंगावर घेतली. मी जेवणाच्या टेबलाशी बसून गोष्ट सांगायची. आई गॅसपाशी उलथनं घेऊन उभी. तोंडून ‘आम्ही’ निघालं की ते ओट्यावर आपटायची. पहिल्या दिवशी ओट्याची कड टवकली. ‘मी टाके कापले’ हे तीन शब्द. बोलताना असं वाटायचं की चारचौघांत पदर पडलाय. मी खोटं बोलत नव्हते, वाढवून सांगत नव्हते; जे झालं तेच सांगत होते, आणि तरी जीभ अडखळायची.

“आई, तूच ना शिकवलंस, स्वतःची आरती ओवाळू नये म्हणून?”

“आरती नको ओवाळू. पण देव कुठला आहे तेवढं तरी सांगशील?” आई म्हणाली आणि उलथनं आपटलं, कारण मधेच मी पुन्हा ‘आम्ही’ म्हणाले होते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाबा खोलीतून बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, खाली जँडल्स. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला आणि कडक इंग्रजीत विचारलं, “अँड व्हॉट एक्झॅक्टली वॉज युवर रोल?”

मी सांगितलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, त्यांच्या डोळ्यांत बघून. उलथनं एकदाही वाजलं नाही.

“हं,” बाबा म्हणाले. “परत एकदा.”

आमच्या घरात ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की शेवटी आई फोडणी देता देता सुजलेल्या मानेची लक्षणं म्हणून दाखवायला लागली. पळायला जाणंही मी सोडलं नाही. बाबांनीही फाटकाशी उभं राहणं सोडलं नाही. फक्त आता ते म्हणायचे, “काल तू जास्त जोरात होतीस.” म्हणताना थोडं अडखळायचे. मी मुद्दाम आणखी जोरात पळायचे.

दुसऱ्या खेपेला टेबलापलीकडे नवी माणसं होती, फक्त त्या दार उघडून धरणाऱ्या बाई जुन्याच. प्रश्न थोडा वेगळ्या शब्दांत आला. मी म्हणाले: मी आवाज ओळखला. मी नातेवाइकांना बाहेर काढलं. मी टाके कापले. नर्सने मला कात्री दिली, माझ्या वरिष्ठांनी पुढे रक्तस्राव थांबवला, त्यांच्याशिवाय बाई वाचल्या नसत्या. पण टाके मी कापले, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा कापीन.

त्या जुन्या बाईंनी विचारलं, “मागच्या वेळी तू ही गोष्ट सांगितली होतीस का?”

“हो. तेव्हा मी त्यात नव्हते.”

निवड झाली. मी घरी सांगितलं तेव्हा आई उडालीच. कपाटातून दूध पावडरचा डबा काढला, कढई काढली, आणि एकदम थांबली.

“थांब. आधी नीट सांग. म्हणजे आता तू नेमकी कोण?”

“ट्रेनी. शिकाऊ.”

“सर्जन नाही?”

“अजून नाही. व्हायला काही वर्षं आहेत.”

तिने डबा परत कपाटात ठेवला. “मग पेढे तेव्हा,” ती म्हणाली. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायकांना तिने स्वतः सांगितलं, “नाही हो, अजून सर्जन नाही झाली. होतेय.” माझ्या कौतुकाचे जेवढे शब्द तिने आजवर उच्चारले, त्यात हा ‘होतेय’ मला सगळ्यांत जास्त आवडला.

ट्रेनिंगसाठी माझी नेमणूक उत्तरेकडच्या एका लहान गावातल्या हॉस्पिटलात झाली. २०१९चा उन्हाळा. पहिल्याच आठवड्यात एका शेतकऱ्याच्या मुलीचं अपेंडिक्स आलं. थिएटरात सगळी तयारी झाली, भूलतज्ज्ञ मान हलवून तयार म्हणाले. माझ्या वरच्या सर्जन हात धुऊन आत आल्या, मास्कवरून सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “कोण करतंय हे?”

माझ्या शेजारी दोन नर्सा होत्या, एक विद्यार्थी होता. उत्तर द्यायला सगळेच होते.

“मी,” मी म्हणाले, आणि चाकूसाठी हात पुढे केला.

दुपारी पार्किंगमध्ये गाडीला टेकून घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला बाबांनी उचलला. मागे जँडल्स वाजत होत्या, म्हणजे फोन घेऊन फेऱ्या मारत होते.

“झालं का आपलं ऑपरे—” बाबा थांबले. जँडल्सही थांबल्या. “तुझं. तुझं झालं का ऑपरेशन?”

“झालं,” मी म्हणाले. “मी केलं, बाबा. आता ‘आपलं’ म्हणा.”